नाशिकहून कॅम्पर व्हॅनने कच्छचे रण आणि सौराष्ट्राचा किनारा: पहिल्यांदा निघणाऱ्या मित्रमंडळींसाठी मार्गदर्शक

वाळवंट आणि समुद्र एकाच प्रवासात पाहायचे असतील, तर नाशिककरांना राजस्थानपर्यंत जाण्याची गरज नाही. सापुतारा उतरून गुजरातेत शिरले की कच्छचे रण आणि द्वारकेपासून दीवपर्यंतचा किनारा एकाच फेरीत गुंफता येतो, आणि परतताना खंबातचे आखात बोटीने ओलांडून गाडीसह सुरतेजवळ उतरता येते. हा मार्ग कॅम्पर व्हॅनसाठी फार चांगला आहे. मात्र साध्या मोटारीच्या सहलीचे नियोजन जसेच्या तसे व्हॅनला लावले की प्रवास फसतो. व्हॅनमध्ये पाणी, वजन, वीज आणि रात्रीचा मुक्काम या चार गोष्टी ठरवतात की दिवसभरात काय पाहता येईल. म्हणून आधी मुक्काम ठरवावेत आणि मग त्यांच्यामध्ये बसतील तेवढीच ठिकाणे घ्यावीत, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

१. ऋतू आणि दिवस ठरवा

पावसाळ्यात कच्छच्या रणात पाणी भरते आणि ते ओसरून मिठाचा थर तयार व्हायला दिवाळी उलटते. पाऊस लांबलेल्या वर्षी ऑक्टोबरच नव्हे, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही पांढऱ्या रणाऐवजी उथळ पाणीच दिसू शकते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे. मार्चपासून पत्र्याची व्हॅन दुपारी इतकी तापते की आत बसवत नाही.

पौर्णिमेच्या रात्रीचे पांढरे रण अप्रतिम दिसते, परंतु त्या दिवसांत पांढऱ्या रणाच्या कडेवरील धोरडो गावाच्या परिसरात गर्दी सर्वाधिक असते आणि मोठ्या गाडीला जागा मिळणे कठीण जाते. पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधी पोहोचल्यास चांदणेही मिळते आणि जागाही. थंडीचा अंदाज निफाडकडच्या मंडळींना वेगळा सांगायला नको. गुजरातमधील नीचांकी तापमानाच्या नोंदींमध्ये कच्छमधील नलियाचे नाव दर हिवाळ्यात येते. पत्र्याच्या गाडीत पहाटेची थंडी खालून चढते, त्यामुळे पांघरुणांइतकेच महत्त्व गादीखाली घालायच्या जाड सतरंजीला द्यावे.

कच्छ आणि सौराष्ट्र दोन्ही करायचे असल्यास दोन आठवडे हवेत. आठ-नऊ दिवसांचीच रजा असेल, तर फक्त कच्छ करावे. मांडवीचा किनारा त्यात येतोच.

२. गाडी निवडताना नंबर प्लेट आणि आरसी पाहा

भाड्याने गाडी घेताना आतील पडदे आणि गाद्या पाहण्याआधी नंबर प्लेट पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या पर्यटक वाहनाची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे नियमबाह्य आहे. ती स्वस्त पडते, पण अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि चेकपोस्टवर गाडी अडकल्यास पुढचा सगळा प्रवास तिथेच थांबतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फेरबदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतील नोंदींशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. जुन्या प्रवासी गाडीची आसने काढून आत पलंग ठोकलेला असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर अशी गाडी घेऊ नये. कॅम्पर व्हॅनसाठी नोंदणीत ‘मोटार कॅराव्हॅन’ असा वेगळा प्रकार आहे; आरसीवर तो उल्लेख शोधावा.

तिसरा सापळा झोपण्याच्या जागांचा आहे. ‘सहा जणांची व्हॅन’ असे सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा सहा जण झोपू शकतात एवढाच असतो. सीटबेल्ट असलेली आसने किती आहेत ते मोजावे आणि तेवढेच मित्र न्यावेत. चालत्या गाडीत पलंगावर कोणीही झोपू नये, कारण अचानक ब्रेक लागल्यास तो माणूस थेट ओट्यावर जाऊन आदळतो. माझ्या मते चार जण ही उत्तम संख्या आहे आणि त्यातील किमान दोघांना मोठी गाडी चालवण्याचा सराव असावा. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, मात्र आरसीवरील वजनाचा आकडा स्वतः वाचून खात्री करावी.

३. कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा

- आरसी, चालू विमा, पीयूसी, आणि व्यावसायिक वाहन असल्यास फिटनेस प्रमाणपत्र व पर्यटक परवाना
- चालवणाऱ्या प्रत्येकाचा वाहन परवाना
- प्रत्येकाचे आधार किंवा अन्य छायाचित्र ओळखपत्र, छायाप्रतींसह
- भाडेकरार, ज्यात चालवणाऱ्या सर्वांची नावे आणि गाडी गुजरात व दीवमध्ये नेण्याची परवानगी लिहिलेली असेल
- फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम
- पांढऱ्या रणाचा परवाना

डिजिलॉकरमधील कागदपत्रे चालतात, परंतु उत्तर कच्छमधील खावडा गावाच्या पुढे नेटवर्क विरळ होत जाते, म्हणून कागदी प्रती सोबत असाव्यात. रणाचा परवाना ऑनलाइन काढता येतो किंवा भिरंडियाराच्या चेकपोस्टवर मिळतो. तो आधीच काढला तर सुट्टीच्या दिवसांतली रांग टळते. परवान्यासाठी थांबावे लागलेच, तर भिरंडियाराचा मावा, म्हणजे दुधाचा खवा, जरूर खावा. त्यासाठी हे गाव कच्छभर प्रसिद्ध आहे.

येथे नाशिककरांना एक खास इशारा देणे आवश्यक आहे. आपल्याकडे पाहुणचारासाठी वाइनची बाटली सोबत घेणे सहज घडते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि वाइनही त्यात येते. परवान्याशिवाय मद्य बाळगणे गुन्हा असून गाडीही जप्त होऊ शकते. दीव केंद्रशासित असल्याने तिथे बंदी नाही, परंतु दीवमधून बाहेर पडताना वाहने तपासली जातात. मित्रांपैकी कोणाच्या सॅकमध्ये काय आहे याची जबाबदारी शेवटी गाडी चालवणाऱ्यावर येते, म्हणून हा विषय निघण्यापूर्वीच सर्वांसमोर स्पष्ट बोलून घ्यावा.

४. गाडी भरा आणि काट्यावर वजन करा

सर्व सामान, भरलेली पाण्याची टाकी आणि सर्व मित्र यांच्यासह गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पिंपळगावच्या बाजूला काटा सहज मिळतो आणि थोडक्या पैशांत पावती हातात पडते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो आणि चार माणसे म्हणजे जवळपास तीनशे किलो. पावतीवरचा आकडा आरसीतील कमाल वजनाच्या वर गेला, तर सामान कमी करण्यावाचून पर्याय नाही. जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मधोमध ठेवाव्यात. छतावर फक्त हलक्या वस्तू न्याव्यात, कारण उंच गाडी घाटातील वळणावर आणि कच्छच्या आडव्या वाऱ्यात झोके खाते.

सोबत न्यायची साधने अशी: जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी, चाकाला लावायचे चार ठोकळे, फावडे, ओढण्याचा दोर, हवा भरण्याचा पंप व हवा मोजण्याचे मीटर, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, डोक्याला लावायची बॅटरी, अर्थिंगसह तीस मीटर वायर, पाण्याचा पाइप आणि वेगवेगळ्या नळांना बसतील असे दोन-तीन जोड. हे नळाचे जोड अगदी क्षुल्लक वाटतात, पण धर्मशाळेच्या आवारातल्या नळाला आपला पाइप बसला नाही, तर शंभर लिटरची टाकी बादलीने भरावी लागते.

पाणी. चार जणांना स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड धुण्यासाठी शंभर लिटरची टाकी दोन दिवस पुरते. त्यात आंघोळी धरू नयेत. त्या मुक्कामाच्या ठिकाणी कराव्यात. कच्छमध्ये अनेक ठिकाणचे पाणी मचूळ असते, म्हणून पिण्याचे पाणी वेगळ्या जारमध्ये ठेवावे आणि टाकी भरण्यापूर्वी घोटभर पाणी चाखून पाहावे.

वीज. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे १२०० वॅट-अवर ऊर्जा असते. दिवे, पंखा आणि मोबाइल यांना ती रात्रभर पुरते, परंतु एक टनाचा एसी तिच्यावर जेमतेम तासभर चालेल. ‘एसी कॅम्पर’ या शब्दावर भाळून उन्हाळ्यात निघणाऱ्यांची येथेच फसगत होते. बाहेरून वीजजोडणी मिळाली तरच रात्रभर एसी मिळतो.

गॅस. घरगुती मोठा सिलिंडर गाडीत ठेवू नये. ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा सिलिंडर पुरेसा होतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडून तो बाहेर जात नाही, त्यासाठी दार उघडे लागते. शक्य तेथे स्वयंपाक बाहेर करावा आणि झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे कायमचे द्यावे.

५. पैसे आणि कामे आधीच वाटून घ्या

निघण्यापूर्वी सर्वांनी समान वर्गणी एकाकडे जमा करावी आणि डिझेल, टोल, मुक्काम व किराणा त्यातून भागवावा. वैयक्तिक खरेदी त्यात मिसळू नये. अनामत रक्कम कोणी भरली आणि नुकसान झाल्यास ते कसे वाटायचे, हे लिहून ठेवावे. चालवणे, शेजारी बसून रस्ता पाहणे, स्वयंपाक आणि पाणी-सांडपाणी ही चार कामे रोज फिरती ठेवावीत. सांडपाण्याचे काम टाळणारा मित्र प्रत्येक गटात असतो, म्हणून वेळापत्रक कागदावर लिहून गाडीत चिकटवावे.

६. मार्ग उलट्या दिशेने आखा

बहुतेक लोक आधी भुज, मग धोरडो आणि तिथून धोळावीरा असे जातात आणि त्याच रस्त्याने परततात. त्याऐवजी पूर्वेकडून कच्छमध्ये शिरावे. असा क्रम ठेवल्यास धोळावीरा ते भुज हा रस्ता पुन्हा करावा लागत नाही.

पहिल्या दिवशी वणी-सापुतारा-वघईमार्गे चिखलीला महामार्ग गाठावा आणि भरूच किंवा वडोदऱ्याजवळ थांबावे. पेठ-धरमपूरचा रस्ताही आहे, पण भरलेली उंच गाडी पहिल्यांदाच हातात असताना सापुताऱ्याचा रस्ता मला अधिक सोयीचा वाटतो. कोणताही घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा; सतत ब्रेक दाबून उतरल्यास ब्रेक तापून निकामी होतात. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद ओलांडून ध्रांगध्रापर्यंत जावे. हा छोट्या रणाचा प्रदेश आहे आणि येथील अभयारण्यात घुडखर, म्हणजे रानटी गाढवे, दिसतात. अभयारण्यात आपली व्हॅन न नेता स्थानिक जीप घ्यावी.

तिसऱ्या दिवशी रापरमार्गे खडीर बेटावरील धोळावीरा. हडप्पा संस्कृतीतील हे नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. मिठाच्या या प्रदेशात त्या लोकांनी पावसाचे आणि ओढ्यांचे पाणी अडवून दगडात बांधलेले प्रचंड हौद पाहताना, टाकीतले शंभर लिटर जपून वापरणाऱ्या प्रवाशाला त्या कामाचे मोल अधिक कळते. येथे घाई करू नये.

धोळावीऱ्याहून खावड्याकडे जाणारा रस्ता थेट रणातून जातो आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पाणी किंवा मीठ असते. छायाचित्रांसाठी गाडी रस्त्याच्या कडेला उतरवू नये, कारण भराव संपताच चिखल सुरू होतो. खावडा परिसरात सौर आणि पवन ऊर्जेच्या मोठ्या प्रकल्पामुळे अवजड वाहनांची ये-जा असते. काळो डुंगर हा कच्छमधील सर्वांत उंच डोंगर असून त्याचा चढ तीव्र आहे; इंजिन तापलेले असल्यास पायथ्याशी थोडे थांबावे. त्यानंतर धोरडो, भुज आणि मांडवी असा क्रम येतो.

नकाशावर मांडवी आणि द्वारका समोरासमोर दिसतात आणि अनेक जण तेवढ्यावर एका दुपारचा प्रवास गृहीत धरतात. मध्ये कच्छचे आखात आहे. रस्त्याने पुन्हा भुज, सामखियाळी, माळिया, मोरबी, जामनगर असा वळसा घालावा लागतो आणि अंतर चारशे किलोमीटरच्या वर जाते. कांडला आणि मुंद्रा बंदरांच्या ट्रेलरमुळे या टप्प्यात सरासरी वेग कमी पडतो, त्यामुळे जामनगरला एक मुक्काम धरावाच.

जामनगरजवळ नरारा येथे सागरी राष्ट्रीय उद्यानात ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. त्यासाठी ओहोटीची वेळ आधी पाहावी. द्वारकेला शिवराजपूरचा स्वच्छ किनारा आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सुदर्शन सेतूमुळे ओख्याहून बेट द्वारकेला आता गाडीने जाता येते. पुढे पोरबंदर, माधवपूर, सोमनाथ आणि दीव. पोरबंदर ते सोमनाथ या टप्प्यात अनेक ठिकाणी समुद्र रस्त्याच्या अगदी जवळ येतो आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रवासातील गाडी चालवण्याचा सर्वांत सुखद भाग हाच आहे.

७. मुक्काम अंधार पडण्यापूर्वी गाठा

रोज दुपारी तीन वाजता मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून खात्री करावी आणि साडेपाचपर्यंत गाडी उभी करावी. कच्छमध्ये सूर्यास्तानंतर रस्त्यावर म्हशी, उंट आणि नीलगायी येतात, आणि बन्नी या गवताळ पट्ट्यातल्या काळ्या म्हशी दिव्याच्या झोतात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. व्हॅनने दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरे. महामार्गाचे पहिले दोन दिवस हा त्याला अपवाद.

थांबण्यासाठी सर्वांत भरवशाच्या जागा म्हणजे रिसॉर्टचे आवार, धर्मशाळा आणि परवानगी घेतलेला महामार्गावरील पेट्रोल पंप. धोरडो-होडका परिसरातील काही निवास एक खोली घेतल्यास आवारात व्हॅन उभी करू देतात. ही एक खोली चौघांच्या आंघोळीची, चार्जिंगची आणि पाणी भरण्याची सोय करते, त्यामुळे तो खर्च मी वायफळ मानत नाही. कच्छ-सौराष्ट्रात जैन धर्मशाळा आणि भोजनशाळा पुष्कळ आहेत. तेथे सूर्यास्तानंतर जेवण मिळत नाही आणि आवारात कांदा-लसूणही चालत नाही. व्हॅनमध्ये शिजवतानासुद्धा तो नियम पाळावा. आपण त्यांच्या अंगणात राहत असतो.

किनाऱ्यावर उघड्यावर रात्र काढण्याचा मोह आवरावा. हा सागरी सुरक्षेचा प्रदेश आहे आणि पोलीस रात्री उठवून गाडी हलवायला लावतात. कोडीनार, उना, राजुला आणि जाफराबाद या पट्ट्यात तर कारण अधिक गंभीर आहे. गीरचे सिंह अभयारण्याबाहेर पडून या किनारी भागातही वावरतात, त्यामुळे येथे शेतात, बागेत किंवा आडरस्त्यावर तंबू टाकू नये आणि रात्री गाडीबाहेर स्वयंपाक करू नये.

सीमेजवळच्या भागात ड्रोन उडवू नये. खावड्याच्या पुढे ज्या ठिकाणी अडवले जाईल तेथून वाद न घालता मागे फिरावे.

८. मीठ, वाळू आणि भरती यांच्यापासून गाडी वाचवा

पांढऱ्या रणाच्या कडेला उभे राहून टाचेने जोरात दाबून पाहावे. वरचा स्फटिकांचा थर कुरकुरतो, मग त्याला तडा जातो आणि त्या फटीतून काळपट, ओला गाळ वर येतो. माणसाच्या वजनाला हे होत असेल, तर साडेतीन टनांच्या व्हॅनचे काय होईल हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वाहन ठरवून दिलेल्या तळावर लावावे आणि पुढे उंटगाडीने किंवा पायी जावे. दुसऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसल्या, तरी त्यांवर विश्वास ठेवू नये.

समुद्राच्या वाळूतही हाच नियम आहे. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती चढू लागताच सैल होते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी नेहमीच्या रेषेच्या बरेच वर पोहोचते. भावनगरजवळ कोळियाक येथे ओहोटीला समुद्रात चालत जाऊन निष्कलंक महादेवाचे दर्शन घेता येते. तेथे पाणी वळण्याची वेळ गावकऱ्यांना विचारूनच पुढे जावे आणि ते सांगतील तेव्हा लगेच परतावे.

रण सोडल्यावर भुजमध्ये आणि पुढे दीव सोडल्यावर, अशी किमान दोनदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्यावी. चाकांच्या वरची कमान, सायलेन्सर आणि स्प्रिंग यांवर पाण्याचा मारा करायला सांगावा. फक्त बाहेरून चकचकीत धुतलेली गाडी आतून गंजत राहते.

सांडपाणी रणात किंवा किनाऱ्यावर सोडू नये. पोर्टेबल शौचालयाची टाकी हॉटेलच्या किंवा पंपाच्या स्वच्छतागृहात, विचारूनच रिकामी करावी.

९. परतीसाठी फेरीबोट धरा

दीवहून महुवामार्गे भावनगरला यावे. जवळच्या घोघा बंदरातून सुरतेजवळील हजिऱ्याला गाड्या नेणारी रो-रो फेरी २०२० पासून चालते. रस्त्याचे सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर येते आणि दहा-बारा तासांऐवजी चार तासांच्या आसपास लागतात. आरक्षण आधी करावे आणि त्या वेळी गाडीची लांबी, उंची तसेच आत गॅस सिलिंडर असल्याचे स्पष्ट सांगावे. सिलिंडरबाबत ते सांगतील ती अट पाळावी. हवामानामुळे फेरी रद्द होऊ शकते, म्हणून परतीनंतर एक दिवस राखीव ठेवावा.

हजिऱ्याहून सुरत, चिखली आणि वघई करत सापुतारा दुपारीच चढावा. नाशिकला पोहोचल्यावर भाड्याची गाडी देण्यापूर्वी मालकासमोर चारही बाजूंचे आणि आतील छायाचित्र काढावे आणि अनामत परत मिळण्याची तारीख लिहून घ्यावी. गाडी स्वतःची असल्यास दोन दिवसांच्या आत गॅरेजमध्ये नेऊन खालची बाजू पुन्हा धुवून घ्यावी, ब्रेक उघडून साफ करून घ्यावेत, ग्रीसिंग करावे, पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून झाकण उघडे ठेवावे आणि गाद्यांना दोन दिवस कडक ऊन द्यावे.